सातवा खडा

हर्षदा बोडकेच्या मनगटावरची पट्टी सकाळी साडेदहालाच पिवळी झाली आणि समोरचा दिवा मंद होत होत विझला. हातात तेव्हा इंजेक्शनच्या औषधाची एक व्हायल होती, अर्धीच फिरवून पाहिलेली. ती तशीच ट्रेमध्ये परत ठेवावी लागली. दिवा विझल्यावर तपासलेली बाटली हिशोबात धरायची नाही, असा नियमच होता.

शेजारच्या स्टुलावरून नसीम पठाण मान न वळवता म्हणाली, “जा बाई, आराम करून ये.”

“कालच केला की गं. त्यानेच पाठ धरलीये.”

विसावा कक्षात पोपटी भिंती होत्या आणि पाय वर करून पडायची खुर्ची होती. खुर्चीत पडलं की कुठल्याशा धबधब्याचा आवाज सुरू व्हायचा. पट्टी हिरवी होईपर्यंत उठायची सोय नव्हती. मोबाइल बाहेर ठेवायचा, विणकाम न्यायचं नाही, बोलायला शेजारी कोणी नाही. हर्षदा डोळे मिटून पडायची आणि आईची दुपारची गोळी डबीच्या कुठल्या कप्प्यात ठेवली ते आठवत राहायची. आठवलं की पट्टी आणखी पिवळी व्हायची आणि धबधबा दहा मिनिटांनी लांबायचा. शाळेत ती गणितात नापास झाली होती. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी विश्रांतीत नापास होत होती.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतला हा कारखाना इंजेक्शनची औषधं भरायचा. दिवसाला लाखो बाटल्या कॅमेऱ्यासमोरून जात आणि चांगलं-वाईट कॅमेराच ठरवी. पण काही व्हायल अशा असत की कॅमेऱ्यालाही ठरवता येत नसे. आत दिसतंय तो हवेचा बुडबुडा की काचेचा कण? अशा संशयितांचा निकाल लावायला अकरा बायका होत्या. समोर अर्धा काळा, अर्धा पांढरा पडदा, वर दिवा, आणि प्रत्येक बाटलीला मोजून पाच सेकंद. बुडबुडा वर चढतो, धागा तरंगत खाली येतो, आणि काचेचा कण एकदाच चमकतो. ती एक चमक निसटली तर तो कण कुणाच्या तरी शिरेत जायचा. म्हणून प्रत्येक पाळीत कंपनी दहा सदोष व्हायल गुपचूप मिसळायची. बायका त्यांना ‘पेरलेल्या’ म्हणत. हर्षदाने गेल्या दोन वर्षांत एकही पेरलेली सोडली नव्हती. कँटीनच्या भिंतीवर तिचा फोटो लावलेला होता. त्याच्याकडे ती कधी बघायची नाही, पण जेवायला बसायची मात्र नेमकी त्याच्या समोरच्या टेबलावर.

थकलेला डोळा चुकतो हे खरंच, त्यामुळे कंपनीने ‘समतोल’ योजना आणली तेव्हा कुणी तक्रार केली नाही. पट्टीच्या आतल्या बाजूला नखाएवढा पातळ पापुद्रा होता. ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य वाढतं आणि त्याचा अंश घामात उतरतो. तो अंश हा पापुद्रा दर चार मिनिटांनी मोजायचा. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतरही टिपायचा, कारण निवांत माणसाचे ठोके थोडे मागेपुढे पडतात आणि ताणलेल्याचे घड्याळासारखे एकसारखे. इथवर नवं असं काही नव्हतं. नवी होती ती तिसरी गोष्ट. पट्टीला शब्द कळत नसत, पण आवाज ओळखता येत. कोणाचा आवाज जवळ असताना ताण किती चढला, याचा ती हिशोब ठेवायची आणि महिनाअखेरीस तुमच्या थकव्याची वाटणी करून द्यायची. कामाचा वाटा इतका, प्रवासाचा इतका, घरातल्या अमक्याचा इतका.

खासगीपणा जपायचा म्हणून कंपनीच्या कागदावर घरच्यांची नावं येत नसत. तिथे नुसतं ‘घर-१’, ‘घर-२’ असं लिहिलेलं असे. हर्षदाच्या घरी घर-२ नव्हतंच. सोडचिठ्ठीला पंधरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घर-१ म्हणजे आई, एवढं ओळखायला कुणाला यंत्र लागलं नसतं.

“एकसष्ट टक्के,” कल्याण अधिकारी केदार मिरीकर पडदा तिच्याकडे वळवत म्हणाले. माणूस चाळिशीचा, मऊ बोलणारा, टेबलावर कायम बडीशेपेची डबी. “बघा हर्षदाताई, तुमच्या एकूण थकव्यात आमचा, म्हणजे कामाचा वाटा फक्त बावीस टक्के. घर-१ चा एकसष्ट.”

“आई आहे ती माझी. अंगावरून वारं गेलंय तिच्या, दोन वर्षं झाली.”

“मला नाव सांगू नका, प्लीज. मला माहीत नसायला हवं.” त्यांनी खरोखर कानावर हात नेल्यासारखा केला. “हा आलेख पाहा. रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला ताण चढायला लागतो आणि सातनंतरची शेवटची दहा मिनिटं तर एकदम टोक. त्या वेळी काय करता तुम्ही?”

हर्षदाला सांगायची लाज वाटली. “तांदूळ निवडतो,” ती म्हणाली.

मिरीकरांनी पडदा परत स्वतःकडे वळवला. मग म्हणाले, “तीन महिने देतोय. कंपनीतर्फे मदतनीस बाई येईल, तुम्ही संध्याकाळी इथेच छंदवर्गाला थांबा. घराचा वाटा तिशीच्या आत आला तर उत्तमच. नाही आला, तर तपासणीच्या स्टुलावर तुम्हाला बसवणं धोक्याचं होईल. पॅकिंगला जावं लागेल.”

पॅकिंग म्हणजे खोकी. खोक्यात बाटल्यांचा डबा सरकवायचा आणि चिकटपट्टी मारायची. तिथल्या बायकांना पट्टीही नसायची, कारण खोकी बांधणारीच्या थकव्याची कुणाला पडलेली नव्हती. एकोणीस वर्षं कमावलेली नजर हर्षदाला खोक्यांवर घालवायची नव्हती. तिने सही केली.

त्या तांदळाच्या ताटाची गोष्ट अशी होती. विमलबाईंनी, म्हणजे हर्षदाच्या आईने, उभा जन्म बिड्या वळल्या होत्या. सिन्नरात तेव्हा घरोघर तेच काम. दिवसाला हजार बिड्या, आणि संध्याकाळी कारखान्यात नेल्या की मुकादम एकेक जुडी बघून खराब निघतील त्या बाजूला फेकायचा. त्याला छाट म्हणत. विमलबाईंची छाट कधी निघाली नाही, हे त्या लेकीला अभिमानाने सांगायच्या. आता उजवा हात मांडीवर पडून असायचा आणि वाचेत दोनच शब्द उरले होते, ‘हो’ आणि ‘जा’. डावा हात मात्र सतत वळवळायचा. चादरीचं टोक वळ, पदर वळ, काहीच नसलं तर हवेतच बोटं फिरव. डॉक्टर म्हणाले होते, किती समजतं ते सांगता येणार नाही, पण हाताला काम द्या.

हर्षदाने ताटात तांदूळ ओतून पुढ्यात ठेवले. आई निवडायला लागली, पण पाकिटातल्या तांदळात खडे कुठून यायचे? दोन दिवसांत तिने ताट ढकलून दिलं. तेव्हा हर्षदाने तुळशीच्या कुंडीतून सात पांढरट खडे वेचले, धुतले आणि रोज आईची पाठ असताना तांदळात मिसळायला सुरुवात केली. आई एकेक खडा शोधायची, चिमटीत धरून लेकीला दाखवायची आणि म्हणायची, “हो.”

हर्षदा समोर बसून मोजायची. एक, दोन, तीन. बहुतेक दिवशी सहाच निघत. सातवा कुठे गेला? तांदळात नाही, मांडीवर नाही, गादीवर नाही. आईने तोंडात घातला असेल, घशात अडकेल, या धास्तीने हर्षदा तिचं तोंड उघडून बघायची, मूठ सोडवायची, पुन्हा अख्खं ताट दाणा दाणा चाळायची. आई तिच्याकडे टक लावून बघत असायची. सातनंतरची शेवटची दहा मिनिटं ती हीच. मग कुंडीतून नवा खडा घ्यायचा आणि उद्याची तयारी करायची. त्या वेळी हर्षदाला आईचा राग यायचा, आणि राग आल्याची शरम वाटायची. पट्टीने या दोन्हीला एकच नाव दिलं होतं.

सोमवारपासून मनीषा नावाची मदतनीस येऊ लागली. चांगली होती, हसतमुख, वेळेवर खाऊपिऊ घालणारी. हर्षदा संध्याकाळी कंपनीच्या बागेत मातीची भांडी करायला शिकू लागली. पहिल्या आठवड्यात तिला करमेना. दुसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं की रात्री झोप लागते आहे. तिसऱ्या आठवड्यात छंदवर्गातून निघताना घराकडे पाय ओढत नाहीत, हेही लक्षात आलं, आणि त्याचं वाईट वाटायला पाहिजे तेवढं वाईटही वाटेना. घरी पोचायची तेव्हा आई जेवून भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची.

“ताई, आजी ताटच घेईना,” मनीषाने एकदा सांगितलं. “मी खडे बी टाकले तुम्ही सांगितले तसे. एकदा हात फिरवला न् दिलं सारून. मंग मी टीव्ही लावून देते.”

“बोटं?”

“बोटं आता शांत राहतात.”

ते ऐकून हर्षदा एवढंच म्हणाली, “बरं.” पट्टी हिरवीगार होती. महिन्याच्या कागदावर घर-१ समोर एकोणीस टक्के लिहून आलं आणि मिरीकरांनी छंदवर्गात सगळ्यांसमोर तिला फुलझाडाची कुंडी दिली. तिने केलेली फुलदाणी एका बाजूला कलती झाली होती. नसीम म्हणाली, “तुझ्यासारखीच झालीये, निवांत.”

मग तिसऱ्या महिन्यात तिच्याकडून पेरलेली निसटली.

एकच असती तर कुणी काही बोललं नसतं. त्या पाळीत दहापैकी तीन निसटल्या, दुसऱ्या दिवशी चार. बाटली हातात घ्यायची, फिरवायची, काळ्या पडद्यापुढे धरायची, सगळं तेच. डोळे दुखत नव्हते, झोप झालेली होती. फक्त ती एक चमक दिसत नव्हती. बाटली तिला नुसती बाटली वाटायची. घरी जाऊन तिने आरशात स्वतःचे डोळे पापणी ओढून पाहिले आणि पहिल्यांदाच तिला खरी भीती वाटली. त्या सात व्हायलमधली एखादी पेरलेली नसती तर, हा विचार तिच्या डोक्यातून जाईना.

आठवड्याने मिरीकरांनी बोलावलं. हर्षदा पॅकिंगची तयारी करूनच गेली होती. पण मिरीकर उत्साहात होते, बडीशेपेची डबी त्यांनी स्वतःहून पुढे केली.

“चूक आमची आहे, हर्षदाताई. आमच्या गणिताची. अकराही जणींचा दोन वर्षांचा तपशील काढला. ज्यांच्या घरचा वाटा जास्त, त्यांच्याच नजरेतून कमी निसटतात. सगळ्यात वर तुम्ही होतात.” त्यांनी दोन रेघा दाखवल्या, एकीच्या मागोमाग दुसरी चढत होती. “ताण दोन जातींचा असतो, असं दिसतंय. एकाने माणूस बधिर होतो. दुसऱ्याने जागा राहतो, म्हणजे तान्ह्या बाळाची आई कशी झोपेतही जागी असते, तसा. घामात दोन्हींचं द्रव्य तेच, म्हणून पट्टीला फरक कळला नाही. हा दुसरा ताण उतरला तरी नजर सोळा-अठरा तास तीक्ष्ण राहते. तुमची ती सातनंतरची दहा मिनिटं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरत होती.”

“म्हणजे आता?”

“म्हणजे आता घर-१ पुन्हा सुरू करायचं. रोज पाऊण तास, पाळीच्या आधी सकाळी. मात्रा ठरवून दिली आहे. संपली की पट्टी दोनदा थरथरेल, मग थांबायचं, जास्त झालं तर पहिल्या जातीचा ताण सुरू होतो. आणि ते खडे...” त्यांनी कागद पाहिला. “छंदवर्गाच्या प्रश्नावलीत तुम्ही लिहिलं होतं. सात टाकता ना? पुढच्या महिन्यात दहा करून बघू.”

हर्षदाला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. ती फार दमली होती, आणि ही दमणूक कुठल्या जातीची ते विचारायचंही त्राण तिच्यात नव्हतं. नजर परत येणार होती, स्टूल राहणार होतं, आई भेटणार होती. हवं ते सगळं मिळत असताना नाही कसं म्हणायचं? ती हो म्हणाली.

मनीषाची वेळ बदलली. सकाळी सव्वासहाला हर्षदा ताट घेऊन बसू लागली. पहिल्या दिवशी आईने बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग डावा हात ताटात घातला. पहिला खडा दाखवून ती “हो” म्हणाली तेव्हा हर्षदाला रडू फुटलं. पट्टीने तेही मोजलं असणार. सात वाजता मनगट दोनदा थरथरलं. चार खडे निघाले होते, तीन बाकी होते. हर्षदा उठली. आणखी बसली असती तर पट्टी पिवळी झाली असती.

चार दिवसांत पेरलेल्या पुन्हा दिसायला लागल्या, दहाच्या दहा. नसीम म्हणाली, “आलीस का परत?” हर्षदाने मान हलवली. फोटो अजून भिंतीवर होताच.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारची गोष्ट. आईने दुसरा खडा चिमटीत धरला होता, दाखवायला हात वर येत होता, आणि पट्टी थरथरली. थरथर बारीकच होती, माशी काचेवर आपटावी तेवढा आवाज. आईने ऐकला. तिने खडा परत ताटात टाकला, हात मांडीवर ठेवला आणि लेकीकडे न बघता म्हणाली, “जा.”

हा शब्द ती दिवसातून वीसदा म्हणायची. भूक लागली तरी ‘जा’, पाणी हवं तरी ‘जा’. पण त्या दिवशी त्याचा अर्थ खरोखर ‘जा’ असाच होता. कारखान्याचा भोंगा झाल्यावर बिड्यांचं सूप बाजूला ठेवून उठणाऱ्या बाईसारखी ती आपलं काम संपवून बसली होती. हर्षदा ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली. आईला कामावर लावलंय आपण, तिच्या मनात आलं. ती माझ्या डोळ्यांना धार लावायच्या कामावर आहे आणि तिला ते कळलेलं आहे.

हर्षदाने पॅकिंगला जायचा अर्ज पुढे केला तेव्हा मिरीकरांना काही केल्या समजेना. “सगळं हिरवं आहे तुमचं. दहापैकी दहा. पॅकिंगला कुणी आपणहून मागून जातं का?” अर्जात कारणांची यादी होती: प्रकृती, अंतर, सहकाऱ्यांशी मतभेद, इतर. त्यांनी ‘इतर’वर बोट ठेवलं. “इथे काय लिहू?”

“घर-१ ला माझ्याबरोबर बसायचंय,” हर्षदा म्हणाली. “आणि मलाही. तिथे तुम्ही नकोत.”

“आम्ही तर तुमच्या भल्यासाठीच...”

“माहीत आहे. वाईट माणूस नाही तुम्ही. मिरीकर, तुमच्या हातात पण पट्टी आहे ना? तुमचं घर-१ कोण आहे?”

मिरीकरांनी बाही खाली ओढली. अर्जावर त्यांनी ‘प्रकृती’समोर खूण केली आणि पट्टी काढून घेताना तिच्या मनगटाकडे बघायचं टाळलं. खालची कातडी पांढरी पडली होती. जाताना ती तपासणीच्या खोलीच्या काचेपाशी क्षणभर थांबली. तिच्या स्टुलावर दुसरी बाई बसली होती आणि तिच्यापुढचा दिवा लागलेला होता. हर्षदाला वाईट वाटलं, खूप वाटलं. एकोणीस वर्षं काही थोडी नव्हेत.

रविवारी सकाळी दहाच्या उन्हात तिने आईला भिंतीला टेकवून बसवलं आणि ताटात तांदूळ ओतले. खडे टाकले नाहीत. मोकळं मनगट आईपुढे धरून ती म्हणाली, “आई, पट्टी गेली. ताटातही काही नाहीये. इतके दिवस मीच टाकत होते खडे. तुझ्या हाताला काम म्हणून. पाकिटाच्या तांदळात खडे नसतात गं.”

आईने मनगट निरखून पाहिलं. पांढऱ्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. मग डावा हात मागे नेऊन गादीखाली चाचपडू लागली. हर्षदा मदतीला वाकली तर तिने तो हात झटकला. बराच वेळ खटपट करून तिने एक चपटी पत्र्याची डबी बाहेर काढली, तंबाखूची, जुनी. झाकण दातांनी उघडलं आणि डबी ताटावर उपडी केली.

पांढरट खडे होते, कुंडीतले. शंभर-सव्वाशे तरी असतील, सगळे एकाच मापाचे.

हर्षदा त्या ढिगाकडे बघत बसली. सातवा खडा शोधत रोज ती दहा मिनिटं जास्त बसत होती. आईचं तोंड बघायची, मूठ सोडवायची, मांडीजवळ वाकून एकेक दाणा चाळायची. बाकी दिवसभरात एवढ्या जवळ ती कधी बसली होती? गोळी द्यायची, पुसायचं, कूस बदलायची आणि उठायचं. आईने दहा मिनिटं चोरली होती, रोजचा एक खडा लपवून.

“आई,” ती म्हणाली.

आईने ढिगातून एकेक करत सात खडे वेगळे काढले आणि बाकीचे परत डबीत भरले. सात खडे तांदळात टाकून डाव्या हाताने ताट गरागरा हलवलं, आणि लेकीच्या पुढ्यात सारलं. मग जुन्या मुकादमासारखी मान थोडी मागे घेऊन ती बघत बसली.

हर्षदाने डोळे पुसले आणि निवडायला घेतलं. पहिला खडा सापडला, तिने दाखवला. आई गप्प. दुसरा, तिसरा. ऊन ताटावरून सरकून गुडघ्यावर आलं. सहावा सापडला तरी आई गप्पच होती. मग हर्षदाच्या लक्षात आलं. तिने ताट बाजूला ठेवलं, आईला खेटून बसली आणि तिची डावी मूठ दोन्ही हातांत घेतली. मूठ घट्ट होती. ती सोडवायची घाई तिने केली नाही.

“हो,” आई म्हणाली.